निर्देशिकावृक्षाचे दर्शन : नाव, मार्ग आणि मराठी लेखन

१. विषयप्रवेश

पलूस हे गाव कोठे आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत चार प्रकारे द्यावे लागले आहे. १९४९ पूर्वी ते सातारा जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि पलूस त्या जिल्ह्यात मोडू लागले. १९६० साली दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव प्राप्त झाले. पुढे तासगाव तालुक्याचे विभाजन होऊन पलूस हेच तालुक्याचे ठिकाण बनले. २००१ च्या जनगणनेत तो स्वतंत्र तालुका म्हणून आढळतो. या सर्व काळात गाव मात्र तसूभरही हललेले नाही. शिवारे तीच, वाटा त्याच. पालटला तो केवळ पत्ता. ज्या वरिष्ठ नोंदीखाली गावाची नोंद होत असे, ती नोंद बदलली.

वस्तू आणि वस्तूचा पत्ता यांतील हा भेद महसुली दप्तराच्या अभ्यासकास नवा नाही. संगणकातील फाइलींच्या रचनेचा पायाही हाच भेद आहे, हे मात्र आपल्याकडे फारसे ध्यानात घेतले जात नाही. बोली, लोकगीते, हस्तलिखिते यांचे आपले संग्रह आता बहुतांशी संगणकात साठविले जातात, आणि ते कसे मांडले आहेत हे आपण पडद्यावरील चित्रांवरून ठरवितो. प्रस्तुत लेखात या मांडणीचा, आणि विशेषतः आज्ञा टंकित करून ती मांडणी पाहण्याच्या पद्धतीचा, इतिहास थोडक्यात देऊन त्याचा मराठी लेखनाशी येणारा संबंध दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. त्यामागे पलूस तालुक्यातील शब्दसंग्रहाच्या कामात आलेला एक अनुभव आहे. तो यथास्थळी येईल.

२. रुमाल आणि वृक्ष

पुणे येथील पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. हवा तो कागद कोणत्या रुमालात आहे हे ठाऊक असले, म्हणजे काम सोपे होते. ठाऊक नसले, तर रुमाल सोडून एकेक कागद पाहणे एवढाच उपाय उरतो. आरंभीच्या संगणकांतील व्यवस्था याहून फारशी निराळी नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्याची पद्धत प्रत्यक्ष करून दाखविली. तीत प्रत्येकाच्या नावे फाइलींची एक यादी असे आणि या सर्व याद्यांची मिळून एक मुख्य यादी असे. म्हणजे पातळ्या दोनच: माणूस, आणि त्याच्या फाइली. रुमालात रुमाल बांधण्याची सोय नव्हती.

ती सोय मल्टिक्स या पुढील प्रकल्पाने केली. आर. सी. डेली आणि पी. जी. नॉयमन यांनी १९६५ साली वाचलेल्या निबंधात या रचनेचे प्रथम विस्तृत विवेचन आढळते. त्यांची मुख्य कल्पना अशी की, निर्देशिका, जिला आज आपण व्यवहारात फोल्डर म्हणतो, ती स्वतःही एक फाइलच होय. फरक इतकाच की, तीत मजकूर नसून इतर फाइलींच्या नोंदी असतात. या नोंदींत आणखी निर्देशिका असू शकतात, त्यांत आणखी, आणि याप्रमाणे हवी तितकी खोली गाठता येते. सर्वांच्या आरंभी असलेल्या निर्देशिकेस त्यांनी मूळ म्हटले, आणि मुळापासून इष्ट फाइलीपर्यंत वाटेत येणाऱ्या नावांच्या मालिकेस आज आपण मार्ग म्हणतो.

अशा रचनेचे चित्र काढताना मूळ वर आणि शाखा खाली काढतात. पाश्चात्त्य विद्यार्थ्यांस हा उलटा वृक्ष चमत्कारिक वाटतो, असे म्हणतात. आपणांस तसे वाटण्याचे कारण नाही. वर मूळ आणि खाली शाखा असलेल्या अश्वत्थाची कल्पना कठोपनिषदात आहे, गीतेच्या पंधराव्या अध्यायात आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या अध्यायावरील निरूपणात ती विस्ताराने उलगडून दाखविली आहे. वंशावळ लिहितानाही आपण मूळ पुरुषापासूनच आरंभ करतो.

३. दोन अक्षरी आज्ञा

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने मल्टिक्स प्रकल्पातून अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी एका लहान यंत्रावर स्वतंत्रपणे जी व्यवस्था उभारली, तीच पुढे युनिक्स या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या अगदी पहिल्या रूपात निर्देशिका होत्या, परंतु मार्ग लिहिण्याची सोय नव्हती. ती पुढच्या यंत्रावर आली. ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाच्या पहिल्या हस्तपुस्तिकेत निर्देशिकेतील नोंदी दाखविणारी ‘एलएस’ ही आज्ञा आहे. सूची या अर्थाच्या ‘लिस्ट’ या इंग्रजी शब्दाचा हा संक्षेप असून तो मल्टिक्समध्येही रूढ होता. त्या काळी उत्तर पडद्यावर नव्हे, तर टंकयंत्रासारख्या उपकरणाने कागदावर उमटत असे, आणि त्याचा वेग सेकंदास सुमारे १० अक्षरे इतकाच होता. अशा परिस्थितीत आज्ञाही आखूड आणि उत्तरेही आखूड असणे साहजिकच होते.

युनिक्समधील निर्देशिकेचे स्वरूप विलक्षण साधे होते. १९७० नंतरच्या दशकात प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे: २ बाइट फाइलीच्या क्रमांकासाठी आणि १४ बाइट नावासाठी. फाइलीचा आकार, मालक, काळ, मजकुराचे ठिकाण ही सर्व माहिती त्या क्रमांकाच्या स्वतंत्र नोंदीत असे. त्या नोंदीत नाव मात्र नसे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर फाइलीस स्वतःचे नाव नाहीच. नाव असते ते तिच्याकडे बोट दाखविणाऱ्या निर्देशिकेत. एकाच फाइलीस दोन ठिकाणी दोन नावे देता येतात, ती यामुळेच. आणि एखादी निर्देशिका एका वृक्षशाखेवरून त्याच साठ्यातील दुसऱ्या शाखेवर हलविली, तर आतील शेकडो फाइलींस स्पर्शही होत नाही; जुन्या वरिष्ठ निर्देशिकेतील नोंद जाते, नवीनीत येते, आणि हललेल्या निर्देशिकेत आपला वरिष्ठ कोण याची एक नोंद दुरुस्त होते. तासगावाखालचे पलूस स्वतःच तालुका झाले, तेव्हा झाले ते हेच.

लहान घरगुती संगणकांवर ही व्यवस्था उशिरा आली. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये चकतीवरील सर्व फाइली एकाच यादीत असत आणि ‘डिर’ ही आज्ञा ती यादी दाखवी. १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीत निर्देशिकांच्या पातळ्या आल्या. युनिक्समधील तिरपी रेघ डॉसमध्ये आज्ञेच्या उपसूचनांसाठी आधीच वापरात होती. म्हणून मार्गासाठी उलट्या बाजूस कललेली रेघ घ्यावी लागली. त्याच आवृत्तीबरोबर आयबीएमने ‘ट्री’ ही आज्ञा दिली. पुढे तिचे उत्तर उभ्याआडव्या रेघांच्या वृक्षाकृतीत दिसू लागले. युनिक्स परंपरेतील व्यवस्थांवर आज प्रचलित असलेली याच नावाची आज्ञा स्टीव्ह बेकर यांची असून ती १९९६ च्या सुमाराची आहे.

चित्रांचा मार्गही याच दशकात रूढ झाला. या संदर्भात एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशवर फोल्डरांची चित्रे दिसत, एकात एक ठेवताही येत; प्रत्यक्ष चकतीवर मात्र सर्व फाइली एकाच पातळीवर होत्या. खरी पातळ्यांची व्यवस्था १९८५ साली आली. पडद्यावर जे दिसते ते चकतीवर असतेच असे नाही, याचा हा एक जुना पुरावा होय. आज्ञेने मिळणारी सूचीही सर्वस्वी पूर्ण नसते. टिंबाने आरंभ होणारी नावे ‘एलएस’ सामान्यतः दाखवीत नाही. परंतु काय वगळावे आणि काय दाखवावे, हे तेथे विचारणाऱ्याच्या हाती असते.

४. मार्गाची वाक्यरचना

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मार्गाचे लेखन मोठे लक्षणीय आहे. मार्गात नावे मुळाकडून अग्राकडे येतात: प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वस्तू. इंग्रजी पदबंधात हा क्रम नेमका उलट असतो. तेथे वस्तू प्रथम येते आणि तिला सामावणारी स्थळे शब्दयोगी अव्ययांच्या साखळीने मागाहून येतात. मराठीत विशेषण विशेष्याच्या आधी येत असल्यामुळे ‘सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातील कुंडल येथील गुऱ्हाळ’ अशी रचना होते. मार्गातील तिरप्या रेघेच्या जागी ‘-तील’ किंवा ‘येथील’ वाचले की, मार्ग हा शुद्ध मराठी पदबंध होतो. इंग्रजी भाषकांनी रचलेली ही लेखनपद्धती त्यांच्या पदबंधापेक्षा आपल्या पदबंधाशी अधिक जुळते, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, पाकिटावर आपण ‘मु. पो. पलूस, ता. पलूस, जि. सांगली’ असे लिहितो, तेव्हा क्रम अग्राकडून मुळाकडे असतो. आक्षेप खरा आहे. परंतु पत्ता हा पदबंध नव्हे. त्यातील घटकांत विभक्तीचा संबंध नाही, आणि म्हणूनच प्रत्येक घटकामागे ‘मु.’, ‘ता.’, ‘जि.’ अशी पातळी सांगणारी खूण लावावी लागते. मार्गात पातळी केवळ स्थानावरून कळते. ‘पलूस’ खाली पुन्हा ‘पलूस’ आले तरी घोटाळा होत नाही. पहिले तालुका, दुसरे गाव.

आज्ञेची गोष्ट मात्र निराळी. तीत क्रियापद प्रथम येते आणि कर्म मागाहून. आपण ‘अमुक दाखव’ म्हणतो. यंत्रास ‘दाखव अमुक’ असे सांगावे लागते. मार्ग मराठीसारखा आणि आज्ञा इंग्रजीसारखी, असा हा संकर आहे.

५. देवनागरी नावे

१४ बाइटांच्या नोंदीत मराठी नाव लिहिण्याचा प्रश्न त्या काळी उपस्थितच झाला नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये तिचे सुधारित मानक निघाले. तीत देवनागरी वर्णांना १६१ पासून पुढचे क्रमांक दिले होते. डॉसच्या मूळ तक्त्यात त्याच क्रमांकांच्या पट्ट्यात वृक्षाकृती काढण्याच्या रेघाही होत्या. १७९ म्हणजे उभी रेघ, १९५ म्हणजे फांदीचा सांधा, १९६ म्हणजे आडवी रेघ; इस्कीच्या तक्त्यात हेच क्रमांक अनुक्रमे क, थ आणि द यांचे आहेत. एका तक्त्याने काढलेला वृक्ष दुसऱ्या तक्त्याने वाचला, तर फांद्यांच्या जागी ‘थददद’ अशी अक्षरे यावयाची. एकाच क्रमांकास दोन अर्थ असले म्हणजे काय होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

यावरील उपाय युनिकोडने केला. प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक मिळाला. हे क्रमांक बाइटांत उतरविण्याची आज सर्वत्र रूढ असलेली यूटीएफ-८ ही रीत १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी सिद्ध केली. युनिक्सचा मूळ कर्ताच येथे पुन्हा भेटतो, हा योगायोग नव्हे. नावात शून्य बाइट आणि तिरपी रेघ ही दोन सोडून कोणताही बाइट चालतो, असा युनिक्सचा जुना नियम होता. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या अक्षराच्या पोटात तिरप्या रेघेचा बाइट येऊन मार्ग मध्येच तुटू नये, ही या रीतीमागील एक मुख्य अपेक्षा होती. ती पुरी झाली आणि मराठी नावे निर्धोक झाली. एका देवनागरी वर्णास ३ बाइट लागतात. आज लिनक्सवर नावाची सामान्य मर्यादा २५५ बाइट, म्हणजे ८५ वर्णचिन्हे, इतकी आहे.

परंतु या नियमाची दुसरी बाजूही आहे. फाइलव्यवस्था बाइट जाणते, भाषा जाणत नाही. सूचीचा क्रम केवळ क्रमांकांवरून लावला, तर ळ हा ल नंतर येतो, कारण त्यांचे क्रमांक २३५५ आणि २३५४ आहेत; आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून अशा सूचीत ‘काळा’ आधी आणि ‘काहील’ मागाहून दिसते, तर मराठी क्रमाने ‘काहील’ आधी यावयास हवी. हा दोष मराठी क्रमाचे नियम यंत्रास सांगितले म्हणजे दूर होतो. पुढील दोष तितका सोपा नाही.

६. दोन गुऱ्हाळे

पलूस तालुक्याच्या ऊसपट्ट्यातील गुऱ्हाळांवर चालणारी भाषा टिपून ठेवण्याचे काम प्रस्तुत लेखकाने काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने केले. काहील, चुलवण, चिपाड, काकवी, ढेप हे शब्द कोशांत मिळतात. परंतु गुळव्या पाकाची परीक्षा कोणत्या शब्दांत सांगतो आणि काहील उतरविण्याच्या क्षणी कोणती हाक देतो, हे कोशांत मिळत नाही. ते त्याच्या तोंडूनच ऐकावे लागते. यासाठी १९ ध्वनिमुद्रणे करण्यात आली, आणि ती ‘गुऱ्हाळ’ या नावाच्या निर्देशिकेत ठेवावयाची असे ठरले.

सर्व सामग्री एकत्र केल्यावर त्या निर्देशिकेत ११ मुद्रणे आढळली. तिच्याशेजारीच त्याच नावाची दुसरी निर्देशिका दिसत होती. ती पहिलीचीच प्रत असावी असे गृहीत धरून ती काढून टाकावी, असे प्रस्तुत लेखकाने सांगितले. ही चूक सर्वस्वी लेखकाचीच होती. एका निर्देशिकेत एकाच नावाच्या दोन नोंदी असू शकत नाहीत, हा नियम वर्गात शिकविणाऱ्यास ती विसंगती तेथेच दिसावयास हवी होती. एका विद्यार्थिनीने काढून टाकण्यापूर्वी दोन्हींचे क्रमांक पाहून घ्यावेत असे सुचविले, म्हणून तो प्रसंग टळला. आज्ञा देऊन पाहिले, तेव्हा क्रमांक भिन्न निघाले. नंतर यंत्रास मराठी येत नाही अशी स्थिती मुद्दाम योजून तीच सूची पुन्हा मागविली. न कळणाऱ्या प्रत्येक बाइटासाठी प्रश्नचिन्ह द्यावे, असे त्यास सांगितले होते. एका नावासाठी २१ प्रश्नचिन्हे उमटली, दुसऱ्यासाठी २४. जे डोळ्यांस एक दिसत होते, ते यंत्राच्या अज्ञानाने दोन म्हणून दाखविले.

कारण ऱ या वर्णात होते. मराठीत हा भेद अर्थभेदक आहे; ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ही युग्मे सर्वांस परिचित आहेत. युनिकोडात ऱ चा स्वतंत्र क्रमांक २३५३ आहे. त्यापुढे हलन्त चिन्ह व ह लिहिले की ‘ऱ्ह’ होते आणि ‘गुऱ्हाळ’ हा शब्द ७ चिन्हांत, म्हणजे २१ बाइटांत, बसतो. परंतु जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी साधा र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह हा क्रमही मान्य ठेवलेला आहे; तोही तसाच दिसतो, पण त्यास ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट, लागतात. एका विद्यार्थ्याच्या कळफलकाने पहिले रूप दिले, दुसऱ्याच्या कळफलकाने दुसरे. तिसरेही रूप संभवते: र आणि खालचा नुक्ता, क्रमांक २३५२ व २३६४. ॲपलच्या १९९८ च्या फाइलव्यवस्थेत नावे अशा विघटित रूपातच साठविली जात.

पहिले आणि तिसरे रूप तत्त्वतः समान आहे, असे युनिकोड मानते, आणि सामान्यीकरणाने ती दोन्ही एक करता येतात. अदृश्य जोडचिन्हाचे रूप मात्र या समानतेत बसत नाही. ते कोणत्याही प्रमाणित सामान्यीकरणाने आपोआप पालटत नाही. हेतुतः शोधून बदलावे लागते. म्हणजे गुऱ्हाळ, कऱ्हाड, वऱ्हाड, चऱ्हाट, कुऱ्हाड अशा कोणत्याही नावाच्या निर्देशिकेत मराठी संग्रह दुभंगण्याची शक्यता कायम आहे.

दुसऱ्या निर्देशिकेत उरलेली ८ मुद्रणे होती. त्यांतील दोन ज्या वृद्ध गुळव्याची, ते गृहस्थ त्या पावसाळ्यापूर्वीच निवर्तले होते. पाकाची तार कशी पाहावी, याचे त्यांनी केलेले वर्णन अन्यत्र कोठेही नोंदलेले नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, निर्देशिका ही वस्तूंची पेटी नसून नावांची यादी आहे. १९६५ पासून तिचे हे स्वरूप मूलतः बदललेले नाही. दुसरी, मार्ग बदलला म्हणून वस्तू बदलत नाही, आणि नाव सारखे दिसले म्हणून वस्तू एक ठरत नाही. तिसरी, चित्रमय पडदा नावाचे दृश्य रूप दाखवितो. लेखनातील घटक पाहावयाचे, तर आज्ञेची ओळच उपयोगी पडते.

यास्तव मराठी संग्रह राखणाऱ्या विभागांनी काही साधे नियम पाळावेत. ऱ च्या लेखनाचे एकच रूप, शक्यतो स्वतंत्र क्रमांकाचे, ठरवून घ्यावे. संग्रह एकत्र करताना नावांची संपूर्ण वृक्षसूची काढून ती वेगळी जपून ठेवावी. आणि काहीही काढून टाकण्यापूर्वी नावाऐवजी फाइलीचे क्रमांक व बाइट पाहावेत. जुन्या दप्तरातील कागद वाचणारा अभ्यासक मोडीतील प्रत्येक वळण तपासून पाहतो; तीच शिस्त येथेही हवी. पलूसचा पत्ता तीन वेळा बदलला, तरी गाव शोधणे अवघड झाले नाही, कारण ते जमिनीवर आहे. आपल्या ध्वनिमुद्रणांस अशी जमीन नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा आधार नाव हाच आहे. म्हणून ते नाव कसे लिहिले आहे, हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.